पात्रांची चर्चा : कुरुंदा ते छोटा पडदा

१

दूरचित्रवाणी मालिकांविषयीचे मराठी लेखन बहुतांशी वृत्तपत्रीय सदरांतून झाले आणि साहित्यसमीक्षेने त्याची फारशी दखल घेतली नाही. या उपेक्षेमागे एक गृहीतक आहे. सदरलेखक आपल्या वाचकांशी पात्रांविषयी बोलतो. अमुक सून इतके का सोसते, तमुक भावाने घर सोडले हे योग्य झाले काय, दुसऱ्या लग्नाचा निर्णय तिने घाईने घेतला काय, अशा प्रश्नांवर तो मत देतो. वाचक पत्राने उत्तर देतात, वाद घालतात, क्वचित रागावतात. गंभीर समीक्षेला ही सारी चर्चा भाबडी वाटते. पात्र ही भाषेने वा प्रतिमांनी घडवलेली रचना आहे, तिला शेजारच्या घरातील माणूस समजणे ही आस्वादातील प्राथमिक अवस्था होय, असे आपण वर्गात शिकवत आलो आहोत.

या शिकवणीचे कुळ इंग्रजी समीक्षेत सापडते. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये शेक्सपिअरच्या शोकात्मिकांतील पात्रांची मीमांसा जिवंत माणसांच्या स्वभावाची करावी तशी केली. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्स यांनी लेडी मॅकबेथला मुले किती होती, असा प्रश्नच आपल्या निबंधाचे शीर्षक म्हणून योजून त्या पद्धतीची खिल्ली उडवली. नाटक हे प्रथमतः काव्य आहे, संहितेबाहेर पात्राला आयुष्य नाही, हा त्यांचा मुद्दा मराठीतही रुजला. तो तत्त्वतः मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. ज्या समाजात पात्रांची चर्चा हाच नीतिचर्चेचा शतकानुशतकांचा मार्ग आहे, तेथे ती चर्चा भाबडी ठरवून बाजूला सारली की समीक्षेच्या हाती काय उरते?

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, पात्रांविषयी वाचकांशी बोलणे ही एक जुनी आणि शिस्तबद्ध समीक्षापद्धती असू शकते. तिचा आधुनिक मराठीतील एक समर्थ नमुना मालिकांच्या युगापूर्वी, मराठवाड्यात घडला. वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावाचे नाव आडनावाने वागवणारे नरहर कुरुंदकर हे त्या नमुन्याचे कर्ते होत. दूरचित्रवाणीच्या समीक्षेची पूर्वपीठिका शोधताना कुरुंद्यापर्यंत जाण्याचे कारण एवढेच आहे.

२

कुरुंदा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १९९९ मध्ये हा जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते, आणि १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. कुरुंदकरांचा जन्म १९३२ चा. म्हणजे त्यांचे बालपण आणि कुमारवय संस्थानी राजवटीत गेले. उच्च शिक्षण उर्दूतून आणि राज्यकारभारही उर्दूतून, अशा प्रदेशात मराठी वाङ्मयाची चर्चा विद्यापीठाच्या आश्रयाने जेवढी चालली त्याहून अधिक ती व्याख्यान, कीर्तन, पुराणश्रवण आणि घरगुती बैठक यांच्या आधाराने चालली. या पार्श्वभूमीचा ठसा कुरुंदकरांच्या गद्यावर आहे. त्यांच्या अनेक ग्रंथांच्या मुळाशी व्याख्याने, पत्रे आणि प्रासंगिक लेख आहेत. समोर कोणी तरी बसले आहे, त्याला एक शंका आली आहे आणि तिचे उत्तर दिल्याविना पुढे जाता येणार नाही, अशी त्या वाक्यांची ठेवण असते.

त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हैदराबादेत मराठीचे प्राध्यापक होते. ‘मुक्त-मयूरांची भारते’ हा त्यांचा प्रबंध मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतरचनांचा तौलनिक अभ्यास आहे. सतराव्या शतकातील एक कवी आणि अठराव्या शतकातील दुसरा. दोघांपुढे व्यासांची एकच कथा. पण द्रौपदी, भीम, दुर्योधन ही पात्रे दोघांच्या हातून वेगवेगळी घडतात. हा अभ्यास ज्या घरात चालला त्या घरात कुरुंदकर विद्यार्थिदशेत वावरले. पात्र हे कथेबरोबर आयते येत नाही, प्रत्येक रचनाकार ते नव्याने घडवतो, ही जाणीव त्यांना फार लवकर झाली असली पाहिजे.

नांदेडला शिक्षक, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य असा त्यांचा व्यवसाय झाला. ‘धार आणि काठ’ या १९७१ च्या ग्रंथात त्यांनी मराठी कादंबरीच्या वाटचालीचा आढावा घेतला. भरताचे नाट्यशास्त्र हा त्यांच्या दीर्घ व्यासंगाचा विषय होता. महाभारतावरील त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर ‘व्यासांचे शिल्प’ या नावाने संकलित झाले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहाच महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९८२ रोजी, दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. मुंबई केंद्र १९७२ पासून चालू होते, पण त्याचा पल्ला प्रथम मुंबई-पुण्याच्या परिसरापुरता होता. मालिकांनी व्यापलेले मराठी घर कुरुंदकरांनी पाहिले नाही. तरीही त्या घरात पुढे जी चर्चा होणार होती तिचे प्रश्न त्यांनी आधीच हाताळून ठेवले होते.

३

‘श्रीमान योगी’ ही रणजित देसाई यांची कादंबरी १९६८ ची. तिची प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी देसाईंना उद्देशून लिहिलेले एक दीर्घ पत्र आहे. ही गोष्ट आपण नेहमी एक वैशिष्ट्य म्हणून नोंदवतो आणि पुढे जातो. परंतु समीक्षेच्या इतिहासात तिचे महत्त्व याहून मोठे आहे. एक वाचक-समीक्षक एका लेखकाशी एका पात्राविषयी बोलतो आहे, आणि हे खासगी बोलणे पुस्तकाच्या दारातच लावल्यामुळे पुढचा प्रत्येक वाचक त्या संभाषणाचा साक्षीदार होतो. कादंबरीत पाऊल टाकण्यापूर्वीच त्याला कळते की, ज्या पुरुषाचे चरित्र आपण वाचणार आहोत त्याविषयी दोन सुजाण माणसांत चर्चा होऊ शकते, शंका उपस्थित होऊ शकतात, आणि त्यामुळे त्याची थोरवी यत्किंचितही कमी होत नाही.

या पत्रातील विवेचनाची दिशा ध्यानात घेण्याजोगी आहे. अफजलखानाची भेट, शाहिस्तेखानावरील छापा, आग्र्याहून सुटका हे प्रसंग मराठी मनात इतके ठसलेले आहेत की शिवाजी म्हणजे त्या प्रसंगांची मालिका, असे समीकरण होऊन बसते. कुरुंदकर या समीकरणालाच हात घालतात. साहसे अनेकांनी केली. या माणसाचे वेगळेपण त्याने उभ्या केलेल्या राज्यव्यवस्थेत आहे, रयतेशी जोडलेल्या नात्यात आहे, आणि त्याच्या मृत्यूनंतरही लोक ते राज्य आपले समजून लढत राहिले या घटनेत आहे. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, १७०० मध्ये राजाराम महाराज वारले, तरी १७०७ मध्ये औरंगजेबाचा दक्षिणेत अंत होईपर्यंत लढा संपला नाही. नायकाच्या अनुपस्थितीत दिसणारे नायकाचे मोठेपण, असा हा विचार आहे.

या विचारपद्धतीतून तीन पातळ्या वेगळ्या करता येतात. पहिली पातळी व्यक्तीची : जी इतिहासात होऊन गेली आणि जिच्यापर्यंत आपण केवळ साधनांच्या आधारे पोचतो. दुसरी व्यक्तिरेखेची : जी एखाद्या संहितेत, त्या संहितेच्या गरजांनुसार घडते. तिसरी प्रतिमेची : जी लोकमानसात असते आणि जिच्यात बखर, पोवाडा, नाटक, शाळेचे पुस्तक, कॅलेंडरवरचे चित्र यांचे थर साचलेले असतात. सामान्य वाचक या तिन्हींना एकच नाव देतो. कुरुंदकरांची खुबी ही की ते वाचकाला त्याबद्दल हिणवत नाहीत. ते त्याच्याच प्रश्नापासून निघतात, तो प्रश्न कोणत्या पातळीवरचा आहे हे दाखवतात आणि त्याला हळूहळू दुसऱ्या पातळीवर आणतात. ‘हे त्याने बरे केले काय’ या प्रश्नाचे रूपांतर ‘हे त्याने केले असे आपल्याला कोणी सांगितले आणि का सांगितले’ या प्रश्नात होते. पात्रचर्चेतून समीक्षा जन्मते ती या वळणावर.

४

मालिका आली तेव्हा एक गमतीची गोष्ट घडली. समीक्षकाने घ्यावयाची जागा मालिकेनेच आपल्या पोटात निर्माण केली.

७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि डिसेंबर १९८५ पर्यंत चालली. मनोहर श्याम जोशी यांचे लेखन आणि पी. कुमार वासुदेव यांचे दिग्दर्शन असलेल्या या मालिकेची प्रेरणा मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी समाजशिक्षणासाठी रचलेल्या मालिकांची होती. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येत, घडलेल्या प्रसंगावर दोन शब्द बोलत, पात्रांच्या वागण्याविषयी प्रश्न विचारत आणि प्रेक्षकांना पत्रे लिहिण्याचे आवाहन करीत. पत्रांचा आकडा चार लाखांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. मराठी माणसाला या रचनेत अपरिचित काहीच नव्हते. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते, आणि आख्यान चालू असतानाही बुवा मध्येच थांबून श्रोत्यांना विचारतात की, अशा वेळी तुम्ही काय केले असते? अशोक कुमार यांनी आख्यान आधी आणि निरूपण नंतर ठेवले, एवढाच फरक.

मात्र या प्रयोगातून निघालेला निष्कर्ष समीक्षकाने लक्षपूर्वक पाहावा असा आहे. मालिकेतील आई भगवंती ही सोशिक, स्वतःची किंमत न ओळखणारी स्त्री आहे. असे जगू नये, हे तिच्या उदाहरणातून प्रेक्षकाला उमगावे, अशी रचनाकारांची अपेक्षा होती. निरूपणही त्याच रोखाने होते. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अनेक प्रेक्षकांनी, आणि त्यांत स्त्रियाही होत्या, भगवंतीलाच अनुकरणीय मानले. निर्मात्याचा हेतू, पडद्यावरील भाष्यकाराचा आवाज आणि प्रेक्षकाची ग्रहणक्रिया या तीन गोष्टी तीन दिशांना गेल्या. निरूपणकाराने अर्थ सांगून टाकला म्हणून अर्थ ठरत नाही. घरातील सोशिक आई आदर्श असते हा संस्कार ज्या प्रतिमांनी घडवला होता, त्या प्रतिमा भागाच्या अखेरीस बोललेल्या काही वाक्यांहून बलवत्तर होत्या.

येथे सदरलेखकाच्या कामाचे स्वरूप स्पष्ट होते. त्याच्याकडे येणाऱ्या पत्रांत भगवंतीची बाजू घेणारे पत्र असेल तर ते चुकीचे ठरवून भागत नाही. त्या पत्रात एक सामाजिक साक्ष आहे. ती लिहिणारी स्त्री आपल्या आईविषयी, कदाचित स्वतःविषयी बोलते आहे. समीक्षकाने तिला विचारावयाचे ते असे : भगवंतीविषयी तुम्हाला जे वाटते ते मालिकेने दाखवलेल्या कोणत्या गोष्टीमुळे वाटते, आणि मालिकेने न दाखवलेल्या कोणत्या गोष्टी तुम्ही तिच्यात भरल्या आहेत? हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः येत होती, तेव्हाही आठवड्या-आठवड्याने भेटणारी यमू वाचकांच्या घरातलीच होऊन बसली असणार. क्रमशः कथनाचा हा स्वभावच आहे. दोन भागांच्या मधल्या काळात पात्र प्रेक्षकाच्या ताब्यात असते.

रेमंड विल्यम्स यांनी १९६८ ते १९७२ या काळात ‘द लिसनर’ या साप्ताहिकात दूरचित्रवाणीवर नियमित सदर लिहिले आणि त्या अनुभवाच्या पाठबळावर १९७४ मध्ये या माध्यमावरील आपला ग्रंथ सिद्ध केला. सुटा कार्यक्रम हे या माध्यमाचे एकक नव्हे, एकातून दुसऱ्यात वाहत जाणारा प्रवाह हे त्याचे लक्षण आहे, ही त्यांची कल्पना सुपरिचित आहे. सदर हा फुटकळ लेखनप्रकार मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, माध्यमविचारातील एक पायाभूत संकल्पना सदरलेखनाच्या शेजारी वाढली.

५

पात्रचर्चेची खरी कसोटी महाभारताने लावली. बी. आर. चोप्रा यांची मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत प्रक्षेपित झाली. संवाद राही मासूम रझा यांचे होते. येथेही निरूपणकार होता : ‘समय’. त्याला चेहरा नव्हता, फिरत्या चक्राच्या पार्श्वभूमीवर हरीश भिमाणी यांचा आवाज होता. अशोक कुमार हे एक वडीलधारे गृहस्थ म्हणून बोलत होते. त्यांच्याशी असहमत होणे शक्य होते आणि प्रेक्षक तसे झालेही. काळाशी असहमत कसे व्हावे? निरूपण जितके अधिकारवाणीचे, तितकी चर्चा अवघड, हा यातला मुद्दा आहे.

मराठी वाचकाजवळ मात्र या वाणीला उत्तर देण्याची सामग्री होती. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ १९६२ मध्ये आले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्णतेस गेली. लगोलग १९६७ मध्ये इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. एकाच वर्षी मराठीला दोन कर्ण मिळाले. कर्व्यांचा कर्ण चिकित्सक संहितेच्या आधारे, प्रक्षेपांचा मुलामा खरवडून, आपल्या स्थानाचा शोध घेत चुकत गेलेला माणूस म्हणून येतो. सावंतांचा कर्ण स्वगतांतून बोलतो आणि वाचकाची संपूर्ण सहानुभूती मागून घेतो. एक व्यक्तिरेखेची चिकित्सा आहे, दुसरी प्रतिमेची उभारणी. दोन्ही पुस्तके अमाप वाचली गेली, आणि अनेक घरांत ती एकाच फळीवर असतात.

पडद्यावरचा कर्ण या दोहोंपैकी कोणाच्या जवळचा होता, हे सांगावयास नको. स्वयंवरात द्रौपदी सूतपुत्राला नाकारते, हा प्रसंग मालिकेत ठळकपणे आला. चिकित्सक आवृत्तीच्या स्वीकृत पाठात तो नकार नाही. त्याची जागा तळटीपेत आहे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा त्याच्या अंध पित्याचा उद्धार करणारे द्रौपदीच्या तोंडचे वाक्य मालिकेमुळे घरोघरी पोचले. व्यासांच्या संहितेत ते वाक्य नाही. या दोन जागा क्षुल्लक नाहीत. दोन्ही ठिकाणी पुढील अनर्थाचे बीज एका स्त्रीच्या जिभेवर ठेवले गेले आहे. भर सभेत जे घडले त्याचा भार घडवणाऱ्यांकडून उचलून, सूक्ष्मपणे, जिच्यावर ते घडले तिच्याकडे सरकवला गेला. लोकपरंपरेत हे पूर्वीपासून होते, मालिकेने ते निर्माण केले नाही, हा खुलासा खरा आहे. पण परंपरेत अनेक पाठ एकमेकांशेजारी नांदतात. पडदा त्यांतील एक उचलतो, त्याला चेहरा देतो आणि एकाच सकाळी सगळ्या देशाला दाखवतो.

येथे कुरुंदकरांच्या तीन पातळ्यांना चौथी जोडावी लागते : मुखाची पातळी. व्यक्ती, व्यक्तिरेखा आणि प्रतिमा यांच्या पुढे जाऊन आता नटाचा चेहरा येतो आणि तो उरलेल्या तिन्हींना झाकून टाकतो. कृष्ण म्हटल्यावर नितीश भारद्वाज आणि भीष्म म्हटल्यावर मुकेश खन्ना आठवणारी एक पिढी आहे. वाचलेला भीष्म ज्याचा त्याने कल्पावयाचा होता, त्यामुळे त्याच्याविषयी मतभेदाला अवसर होता. पाहिलेला भीष्म सर्वांचा एकच असतो. कुरुंदकरांची पद्धती संहितेवर आणि तर्कावर उभी आहे. पार्श्वसंगीत, समीपदृश्य, आवाजाचा पोत, पुनःपुन्हा येणारे शीर्षकगीत यांनी घडणाऱ्या पात्राला ती पुरेशी पडत नाही. त्यांच्या परंपरेची ही मर्यादा मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. दूरचित्रवाणीच्या समीक्षकाला संहितेबरोबरच चेहऱ्याचेही वाचन करता आले पाहिजे. आणि मराठीत त्याची परिभाषा अद्याप घडावयाची आहे.

६

चर्चेची जागा संपली की काय होते, याचा इतिहासही महाराष्ट्राजवळ आहे. संभाजी महाराजांचे पात्र त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. बखरींवर विसंबलेल्या मराठी नाटकाने त्यांना दीर्घकाळ बेबंद राजपुत्र म्हणून रंगवले. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले ‘राजसंन्यास’, औंधकरांचे ‘बेबंदशाही’ ही त्या प्रतिमेची नाट्यरूपे. वसंत कानेटकरांनी १९६२ मध्ये ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकात तीच सामग्री पिता-पुत्रांच्या ताणाच्या अंगाने पाहिली. दरम्यान वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये सिद्ध केलेल्या चरित्राने साधनांची फेरतपासणी करून जुन्या प्रतिमेचा पायाच काढून घेतला, डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ मध्ये आले. १९७९ मध्ये सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. संशोधनाने व्यक्ती बदलली, कादंबरीने व्यक्तिरेखा बदलली, आणि प्रतिमा सावकाश त्यांच्या मागून गेली. हा प्रवास अर्धशतकाहून अधिक काळाचा आहे आणि तो वाचन, लेखन, खंडन, मंडन यांच्या मार्गाने झाला.

याच प्रवासाच्या दुसऱ्या टोकाला जानेवारी २०१७ मधील घटना उभी आहे. ‘राजसंन्यास’मधील चित्रणाचा राग धरून पुण्याच्या संभाजी उद्यानातील राम गणेश गडकरी यांचा पुतळा उखडून मुठेच्या पात्रात टाकण्यात आला. नाटककाराच्या निधनाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे होत आली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका सुरू झाली आणि २०२० पर्यंत घरोघरी पाहिली गेली. एका नाटकातील पात्राबद्दल नाटककाराला शिक्षा, आणि त्याच व्यक्तीच्या नव्या पडदारूपाचे उत्कट स्वागत. या दोन घटना एकमेकींच्या विरुद्ध वाटल्या तरी दोहोंच्या मुळाशी एकच धारणा आहे. पात्र आणि व्यक्ती यांत अंतर नाही, ही ती धारणा. हे अंतर नाहीसे झाले की वाईट चित्रण हा अपराध ठरतो आणि चांगले चित्रण हा पुरावा ठरतो. समीक्षेला दोन्हीकडे वाव उरत नाही. गडकऱ्यांचे चित्रण इतिहासदृष्ट्या सदोष आहे, हे सांगण्यासाठी बेंद्रे आणि गोखले यांचे ग्रंथ पुरेसे होते, आणि ते अधिक परिणामकारकही होते.

प्रेक्षकांची मागणी नेहमीच अशी विध्वंसक असते, असा याचा अर्थ घेऊ नये. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका ३१ जुलै १९८८ रोजी संपत असताना, वाल्मीकींच्या आश्रमातील सीता आणि लवकुशांची कथाही दाखवावी, या मागणीसाठी जालंधर आणि उत्तरेतील अन्य काही शहरांत वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी संप केला. पुढे उत्तरकांडाची कथा वेगळी मालिका म्हणून आली. मालिकेचा शेवट कोठे करावयाचा, हा प्रश्न ज्यांना समीक्षेच्या दालनात कोणी बोलावले नव्हते त्यांनी रस्त्यावर उपस्थित केला; आणि तो रास्त वाङ्मयीन प्रश्न होता. राज्याभिषेकावर थांबणारी रामकथा आणि सीतात्यागापर्यंत जाणारी रामकथा या दोन भिन्न रचना आहेत, त्यांतील रामही भिन्न आहे. संपकऱ्यांचे कारण आपल्या आदिकवीच्या स्थानाचे होते, पण त्यांच्या मागणीने राम या पात्राचा आवाकाच बदलला.

७

नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. तेथे प्रेक्षकाबरोबर ‘प्राश्निक’ येतो. प्रयोगाविषयी मतभेद झाला तर निर्णय देणारे हे परीक्षक. लक्षणीय गोष्ट अशी की, भरत एकाच सर्वज्ञ परीक्षकाची नियुक्ती करीत नाही. यज्ञकर्माचा जाणकार, नर्तक, छंदाचा जाणकार, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक, राजसेवक असे अनेकजण त्याने सांगितले आहेत. रंगमंचावर यज्ञ दाखवला तर याज्ञिकाने पाहावे, शस्त्र उचलले तर धनुर्धराने, शृंगारातील उपचार दाखवले तर गणिकेने. ज्याला जे आयुष्याने शिकवले आहे, त्याविषयी त्याचे मत प्रमाण. या यादीत राजा आणि गणिका एका पंक्तीला बसले आहेत.

दूरचित्रवाणीवर लिहिणाऱ्याचे वाचक असे प्राश्निक असतात. मालिकेतील रुग्णालयाविषयी परिचारिका लिहील, न्यायालयाविषयी कारकून लिहील, कोरडवाहू शेताविषयी कुरुंद्याच्या परिसरातील शेतकरी लिहील, आणि स्वयंपाकघरातील अबोल्याविषयी जिने तो वर्षानुवर्षे सोसला ती लिहील. व्याख्यानाच्या सभागृहात बहुधा पुरुषच प्रश्न विचारीत. मालिकेने ज्यांना बोलते केले त्यांत मोठा भाग घरात राहणाऱ्या स्त्रियांचा होता, आणि त्यांच्या पात्रचर्चेला भाबडी म्हणताना आपण कोणाचे ज्ञान नाकारत आहोत, याचा विचार व्हावयास हवा. परंतु प्राश्निकांची साक्ष गोळा करणे म्हणजे निर्णय नव्हे. साक्षींची संगती लावणे, कोणती साक्ष व्यक्तीविषयी आहे, कोणती व्यक्तिरेखेविषयी, कोणती प्रतिमेविषयी आणि कोणती केवळ चेहऱ्याविषयी, हे वेगळे करून वाचकालाच परत देणे, हे समीक्षकाचे काम.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ दोन्ही मालिका दूरदर्शनच्या वाहिन्यांवर पुन्हा दाखवण्यात आल्या. तीस वर्षांपूर्वी ज्यांनी त्या लहानपणी पाहिल्या होत्या ते आता आपल्या मुलांबरोबर पाहत होते. द्रौपदीच्या तोंडचे ते वाक्य पुन्हा आले, आणि या वेळी घराघरांत कोणी ना कोणी विचारले असेल की, ती खरेच असे म्हणाली होती काय? हा प्रश्न वरवर भाबडा आहे. ‘खरेच’ या शब्दात व्यक्ती, संहिता आणि प्रतिमा यांचा सगळा गोंधळ भरलेला आहे. पण नांदेडच्या व्याख्यानमंडपात श्रोते कुरुंदकरांना विचारीत ते प्रश्न याच जातीचे असत, आणि अशा प्रश्नाला हसून न टाळता, त्याच्यापासूनच आरंभ करण्याची त्यांची रीत होती. दूरचित्रवाणीवर मराठीत लिहू पाहणाऱ्याला आरंभ करण्यासाठी याहून वेगळी जागा शोधण्याची गरज नाही.